सिकलसेल, स्टेम सेल आणि आमचं मागणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लेकीला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलेलं. आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. हल्ली आम्ही घरचे सगळे भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत असतो : स्टेम सेलवरच्या, म्हणजे मूळपेशींवरच्या संशोधनाच्या पाठीशी उभे राहा. सांगायला गेलं की प्रश्न येतात. लग्नाच्या पंगतीत येतात, बँकेच्या रांगेत येतात, रात्री फोनवर येतात, आणि बरेचसे तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, टोचणारेसुद्धा.

आम्ही डॉक्टर नाही. इथलं वाचून कुणी औषध सुरू करू नये, आणि चालू असलेलं हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे सिकलसेलची नेहमीची गोळी, तर मुळीच बंद करू नये.

पैसे कुठे पाठवायचे?

कुठेच नाही. आमचा क्यूआर कोड नाही, खातं नाही, ट्रस्ट नाही. आमच्या लेकीच्या नावाने कुणी वर्गणी मागितली तर देऊ नका.

मग तुमचं मागणं काय आहे?

तीन गोष्टी. तुम्ही १८ वर्षांवरचे आणि धडधाकट असाल तर रक्तमूळपेशी दाता म्हणून नाव नोंदवा. स्टेम सेलच्या नावाने चाललेल्या दुकानदारीला बळी पडू नका आणि दुसऱ्यालाही पडू देऊ नका. आणि आपल्या आमदार-खासदारांना विचारा की सिकलसेलवर मूळपेशींतून निघणारा इलाज सरकारी पैशातून, इथल्या माणसाला परवडेल असा तयार होण्यासाठी ते काय करतायत. तिसरी गोष्ट आमच्या लेखी सगळ्यात मोठी. लोक नेमके तिथेच सर्वांत कमी थांबतात.

सिकलसेल तर रक्ताचा आजार. त्यात स्टेम सेल कुठून आल्या?

रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, अस्थिमज्जेत. तिथे ज्या मूळपेशी असतात त्या जन्मभर लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट बनवत राहतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकात एकाच अक्षराची चूक असते. त्या चुकीमुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग दुखणं उठतं. हातपाय, पाठ, छाती, कुठेही. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवसांत फुटते, म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

आता लाल पेशींवर कितीही उपचार केले तरी त्या रोज नव्याने बनतात आणि रोज तीच चूक घेऊन बनतात. हायड्रॉक्सियुरियाने क्रायसिस, म्हणजे दुखण्याचे झटके, कमी होतात, रक्त चढवलं की काही दिवस निभतात. मुळापासून सुटका हवी तर मूळपेशीच बदलावी लागते, नाहीतर दुरुस्त करावी लागते. तिसरा रस्ता आज तरी कुणाला सापडलेला नाही.

बोन मॅरो बदलला की पोरगी बरी होते ना? मग करून टाका.

होते. आणि हे आता प्रयोगाच्या पातळीवरचं राहिलेलं नाही. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं, तेव्हापासून देशात हे काम चालू आहे. पूर्ण जुळणाऱ्या भावंडाच्या मूळपेशी मिळाल्या आणि मूल लहान असतानाच प्रत्यारोपण झालं, तर अनुभवी केंद्रांत दहांतली नऊहून जास्त मुलं यातून तरतात.

अडतं ते जुळण्यापाशी. एचएलए नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडाशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. शिवाय त्या भावंडाला स्वतःला सिकलसेल नको. आईवडील दोघेही वाहक (एकच सदोष जनुक असलेले, स्वतःला आजार नसलेले) असले की प्रत्येक मुलात चारांत एक शक्यता ग्रस्त असण्याची. दोन्ही हिशोब एकत्र मांडले तर एका भावंडाकडून उपयोगी पडेल असा दाता मिळण्याची शक्यता सोळांत तीन. वाहक, म्हणजे एएस असलेलं भावंड मात्र दाता म्हणून चालतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आमच्या लेकीचं जुळलं नाही. अर्धवट जुळणाऱ्या आईवडिलांच्या पेशी घेऊनही आता प्रत्यारोपणं होतात आणि त्यांचे निकाल सुधारतायत. पण धोका जास्त आहे. आलेल्या पेशी शरीरावरच उलटू शकतात, आणि केमोथेरपी तर दोन्हीकडे आहेच.

अजून एक मूल होऊ द्या की. जुळेल एखादं.

हे आम्हाला जवळच्याच माणसांनी सांगितलंय, आणि चांगल्या मनाने. सोळांत तीनचा हिशोब वर दिलाच आहे. बाकीचं उत्तर आम्ही आमच्या घरात ठेवतो.

परदेशात औषध निघालंय म्हणे? पेपरात आलं होतं.

निघालंय, आणि ती बातमी खरी आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्टोरिया ग्रे या महिलेवर हा उपचार झाला. सिकलसेलसाठी क्रिस्पर, म्हणजे जनुकात नेमक्या जागी काप देण्याच्या तंत्राचा उपचार घेणारी ती अमेरिकेतली पहिली रुग्ण. तिच्याच मूळपेशी काढल्या, प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकात एक काप दिला आणि परत तिच्याच शरीरात सोडल्या. गंमत अशी की यात सिकलची चूक दुरुस्त करत नाहीत. आईच्या पोटात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बनणं बंद होतं. ते बंद करणारा खटका निकामी करतात. मग गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि पेशी वाकत नाही. दुसऱ्या कुणाच्या पेशी नाहीत, म्हणून जुळण्याचा प्रश्नच मिटतो.

कॅसजेव्ही नावाने या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनासमोर आलेल्या आकडेवारीत ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग बारा महिने एकही मोठा क्रायसिस आला नव्हता. वर्षभर एकही नाही, हे वाक्य सिकलसेलच्या घरात वाचलं की माणूस ते पुन्हा वाचतो.

किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडे तेव्हाच्या भावाने १८ कोटी रुपये, आणि हे नुसत्या औषधाचे. शिवाय उपचार सोपा नाही : जुन्या मूळपेशी संपवायला बुसल्फानची तीव्र केमोथेरपी द्यावी लागते, कित्येक आठवडे रुग्णालयात राहावं लागतं, आणि पुढे मूल न होण्याचा धोका असतो. मान्यता मिळाली ती बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी.

मग भारतात काय चाललंय?

लोकांना वाटतं त्याहून बरंच काही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या मूळपेशी संशोधन केंद्राने हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) पाच रुग्णांच्या स्वतःच्या रक्तमूळपेशींत नवं जनुक घालून त्या परत दिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तोवर पाचांपैकी कुणालाही रक्तस्रावाचा त्रास झाला नव्हता. हा आजार वेगळा असला तरी पेशी काढणं, बदलणं, परत देणं ही वाट तीच. आणि ती आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर चालून दाखवलेली.

सिकलसेलसाठी सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या दिल्लीतल्या जीनोमिक्स संस्थेत, आयजीआयबीमध्ये, क्रिस्परवर काम झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो उपचार ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर केला, बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ, आणि तो पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. नाव ऐकून आमच्या घरात सगळ्यांनाच बरं वाटलं. पण घोषणा झाली म्हणजे उद्या दवाखान्यात मिळणार असं नाही. माणसांवरच्या चाचण्यांचे टप्पे असतात, त्याला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत निधी आटला की काम थंडावतं. लोकांनी मागे लागायचं ते याच काळात.

डोळ्यांचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. आपल्याकडे खर्रा घराघरात आणि त्याबरोबर चुन्याची पुडी. ती लहान पोरांच्या हातात फुटते, चुना डोळ्यात जातो आणि बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने चांगल्या डोळ्यातला बारीकसा तुकडा घेऊन जळलेल्या डोळ्यात मूळपेशी रुजवण्याची पद्धत बसवली. २०१२ मध्ये तिथल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी तीच पद्धत इतकी सोपी केली की महागड्या प्रयोगशाळेची गरजच राहिली नाही. स्वस्त करणं हेही संशोधनच आहे, आणि आम्हाला सिकलसेलमध्ये हवंय ते हेच.

प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मिळत नाहीत आणि तुम्ही जनुकांच्या गप्पा मारता?

हा प्रश्न आम्हालाही पडतो. हायड्रॉक्सियुरिया वेळेवर मिळणं, तपासणी होणं, रक्त उपलब्ध असणं, हे आधी. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, २०४७ पर्यंत आजार संपवायचं उद्दिष्ट ठेवलं. तपासणी झालीच पाहिजे. पण तिचा फायदा मुख्यतः पुढे जन्मणाऱ्या मुलांना. जी मुलं आज एसएस आहेत, त्यांना कार्ड मिळतं आणि समुपदेशन मिळतं. बरं होणं मिळत नाही. गोळी मागायची आणि संशोधन सोडून द्यायचं, अशी निवड गडचिरोलीतल्या पोरांनाच का करावी लागावी?

कंपन्या आहेत की संशोधन करायला. सरकारी पैसा कशाला?

कॅलिफोर्नियातली गोष्ट सांगतो. रॉबर्ट क्लाइन नावाचे एक गृहस्थ, घरबांधणी क्षेत्रातले. मुलाला टाइप १ मधुमेह. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी भ्रूणमूळपेशींच्या संशोधनाला मिळणारा केंद्राचा पैसा आखडता घेतला, तेव्हा क्लाइन आणि त्यांच्यासारखी अनेक रुग्णांची कुटुंबं थेट लोकांकडे गेली. नोव्हेंबर २००४ मध्ये तिथे ‘प्रस्ताव ७१’वर मतदान झालं. ५९ टक्के लोकांनी होय म्हटलं आणि राज्याने या संशोधनासाठी ३ अब्ज डॉलरचे रोखे उभारले. २०२० मध्ये लोकांनी आणखी साडेपाच अब्ज डॉलर मंजूर केले, या वेळी काठावरच्या बहुमताने. पहिल्या प्रचारात ‘आता सगळं बरं होणार’ हा सूर जरा जास्तच लागला होता आणि पुढे त्यावर टीकाही झाली. ती टीका रास्त होती असं आमचं मत आहे. म्हणून आम्ही कुणाला वर्ष-महिन्यांचं वचन देत नाही.

पण त्या पैशाने कामं झाली. रोगप्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळांचा एक दुर्मीळ आजार आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आणि लंडनमध्ये त्या मुलांच्या स्वतःच्या मूळपेशी दुरुस्त करून परत दिल्या. २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले : ५० मुलांपैकी ४८ जणांमध्ये उपचार यशस्वी, सगळी ५० जिवंत. या कामाला कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक निधीचा हातभार होता. पुढे हा उपचार एका कंपनीने घेतला होता आणि तिने त्यात पैसे घालणं थांबवलं. मुलं मोजकी, बाजार छोटा. उपचार चालतो हे सिद्ध झालेलं असताना आईबाप ताटकळत राहिले, आणि तो अखेर विद्यापीठाकडे परत आला.

त्या आजारात रुग्ण कमी होते. आमच्यात रुग्ण भरपूर आहेत, पण खिसे रिकामे आहेत. कंपनीच्या हिशोबात दोन्हीचा अर्थ जवळपास एकच निघतो. कंपन्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. औषध पुरेशा प्रमाणात बनवायचं तर त्याच लागतील. आमचं म्हणणं एवढंच की संशोधनात जनतेचा पैसा गेला असेल तर करारातच किमतीची अट असावी.

पण यासाठी गर्भ मारतात ना?

आमच्या आजीचा पहिला प्रश्न हाच होता. सिकलसेलच्या या उपचारात रुग्णाच्या किंवा दात्याच्या रक्तातल्या, मज्जेतल्या पेशी वापरतात. गर्भाचा काही संबंध नाही.

भ्रूणमूळपेशी ही वेगळी शाखा. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून त्या पहिल्यांदा वेगळ्या केल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेले, काही दिवसांचे भ्रूण त्यासाठी जोडप्याच्या संमतीने घेतात. पुढे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना मूळपेशींसारखं वागायला लावलं, २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि वादाची धार बरीच बोथट झाली. भारतात आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भ्रूणावरचं संशोधन परवानगी घेऊन आणि ठरावीक मर्यादेतच करता येतं. माणसाचं क्लोनिंग बंद आहे.

मोठ्या शहरांत स्टेम सेलचे दवाखाने आहेत. दोन-तीन लाखांत इंजेक्शन देतात. तिथे का नाही नेत?

कारण तो उपचार नाही. रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. गुडघे, मणका, मेंदू, ऑटिझम, मधुमेह यांच्यासाठी विकली जाणारी बहुतेक इंजेक्शनं अजून सिद्ध झालेली नाहीत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सरळ लिहिलंय की मान्य यादीबाहेरचा प्रत्येक वापर म्हणजे संशोधन, आणि तो रीतसर चाचणीतच व्हायला हवा.

ओळखायची खूण सोपी आहे. खरी चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक असतो; तो मागा आणि संकेतस्थळावर टाकून बघा. चाचणीतल्या औषधाचे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणारा, बऱ्या झालेल्या पेशंटचे व्हिडिओ दाखवणारा आणि आगाऊ रक्कम मागणारा माणूस संशोधक नसतो. शेत गहाण टाकून तिथे गेलेली घरं आम्ही पाहिली आहेत. अशा घरांचा नंतर खऱ्या संशोधनावरचाही विश्वास उडतो, आणि आम्हाला सर्वांत जास्त राग त्याचा येतो.

बाळाच्या नाळेचं रक्त साठवून ठेवायचं का? एजंट आला होता.

बाळाला सिकलसेल असेल तर त्याच्याच नाळेतल्या पेशींतही तीच चूक असते, त्यामुळे त्या जशाच्या तशा त्याला उपयोगी नाहीत. खासगी बँकेत ‘पुढे कधी लागलं तर’ म्हणून ठेवण्याची शिफारस आयसीएमआर करत नाही. घरात आधीच प्रत्यारोपणाची गरज असलेलं मूल असेल तर गोष्ट वेगळी. ते रक्तरोगतज्ज्ञाला विचारा, एजंटला नको.

दाता म्हणून नाव नोंदवलं तर माझ्या पाठीत सुई घालतील?

नाही. नोंदणीच्या वेळी गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, बस. दात्री, डीकेएमएस यांसारख्या संस्था हे काम करतात. वयाची अट साधारण १८ ते ५०. संस्थेप्रमाणे थोडाफार फरक.

पुढे कुणाशी जुळलात, तरच फोन येतो. मग तपासण्या होतात. बहुतेकदा पाच दिवस इंजेक्शनं देतात, त्याने मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. अंग दुखतं, डोकं दुखतं, ताप आल्यासारखं वाटतं. मग एका हातातून रक्त काढून यंत्रातून फिरवतात, मूळपेशी वेगळ्या करतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. तीन ते पाच तासांचं काम. काही वेळा भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा घेतात. पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

माझ्या नोंदणीचा तुमच्या मुलीला उपयोग होईल?

बहुधा नाही. सिकलसेलमध्ये बाहेरच्या दात्याकडून प्रत्यारोपण अजून कमीच होतं. ल्युकेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया, थॅलेसेमिया या आजारांत मात्र तुमची नोंदणी एखाद्याचा जीव वाचवू शकते. जगात ४ कोटींहून जास्त दाते नोंदवलेले आहेत, भारतातले काही लाख. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं होत आल्यामुळे एचएलएच्या खुणाही त्या त्या समाजात साठलेल्या असतात. म्हणजे झाडीपट्टीतल्या, मेळघाटातल्या, सातपुड्यातल्या माणसाशी जुळणारा दाता जर्मनीच्या यादीत सहसा सापडायचा नाही.

नाव दिलं आणि आयत्या वेळी नको वाटलं तर?

नाही म्हणायचा हक्क शेवटपर्यंत असतो. फक्त एक लक्षात घ्या : प्रत्यारोपणाच्या आधी रुग्णाची स्वतःची मज्जा केमोथेरपीने संपवतात. ती सुरू झाल्यावर दाता मागे फिरला तर रुग्णाच्या जिवावर बेततं. म्हणून घरात आईशी, बायकोशी, नवऱ्याशी आधीच बोला. शिबिराच्या उत्साहात काडी गालात फिरवून घरी जाऊन विसरण्यापेक्षा नोंदवलं नाही तरी चालेल.

हा तर ठरावीक समाजांचाच आजार ना?

आदिवासी आणि दलित समाजांत प्रमाण जास्त आहे, इतर मागास समाजांतही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहकांना त्यापासून थोडं संरक्षण मिळालं, म्हणून हे जनुक टिकलं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लग्नाआधी तपासणी लपवणारी घरं मात्र सगळ्या समाजांत आहेत.

मुलीचं नाव, फोटो का नाही?

तिने नको सांगितलं.

आमदारांना पत्र लिहायचं तर काय लिहू?

हे उतरवून घ्या, हवं तसं बदला, फक्त शेवटी स्वतःचं नाव-गाव लिहा :

‘मा. आमदार साहेब / ताई यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या मतदारसंघात सिकलसेलचे रुग्ण आहेत. माझ्या मागण्या अशा : रुग्ण व भावंडांची एचएलए तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खाटा वाढाव्यात. सिकलसेलवरील जनुकीय उपचाराच्या चाचण्यांसाठी एक केंद्र आमच्या भागात असावं, म्हणजे रुग्णाला दिल्लीला जावं लागणार नाही. सार्वजनिक निधीतून तयार होणाऱ्या उपचाराच्या किमतीवर करारातच मर्यादा घालावी. यासाठी यंदा किती तरतूद झाली आणि किती खर्च झाली, हा प्रश्न आपण येत्या अधिवेशनात विचारावा आणि उत्तर मला लेखी कळवावं. आपला / आपली, नाव, गाव, तालुका.’

पत्र पोस्टाने पाठवलंत तर पोचपावतीसह पाठवा. हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.